तुझा दुसरा अभिप्राय

अक्का, तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही आणि परवा चौकशीचा निकाल लागला. तुझा दुसरा अभिप्राय फेटाळला. ज्या तज्ज्ञाने आधी एक सांगितलं आणि नंतर दुसरं, त्याचं कोणतंच मत धरता येत नाही, असं चौकशी अधिकाऱ्यांनी लिहिलं आहे. म्हणजे कारखान्याची इंग्रजीची परीक्षा आहे तशीच राहणार आणि रत्नम्मा सुपरवायझर होणार नाही. हेच होईल म्हणून मी तुला सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर, आमटी गार होईपर्यंत, बोट आपटून आपटून सांगितलं होतं. माझं खरं ठरलं, आणि आपलं खरं ठरल्याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं समाधान, नंदू?" आणि चष्मा कपाळावर ढकलून मोकळी झाली असतीस. तुझ्या या सवयीचा मला फार राग यायचा. भांडण ऐन रंगात आलं की तू चष्मा वर सारायचीस आणि दूध आलं का विचारायचीस. आता सगळं भांडण माझ्याकडेच राहिलंय, पलीकडून बोलायला कोणी नाही. तुझं शिक्षण, तुझी पदं, तुझे निबंध यांच्याबद्दल लिहायला तुझ्या संस्थेतली माणसं आहेत. ती चांगलंच लिहितील. त्यांचं तुझ्याशी काही अर्धवट राहिलेलं नाही.

तुझं काम नेमकं काय, हे नातेवाइकांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. पुण्याच्या मामीने एकदा फॉरेन्सिक हा शब्द ऐकला आणि डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे आपली पोरगी मुडदे तपासते?" मी म्हटलं, "हो मामी, इंग्रजीचे." तू माझ्यावर किती उखडली होतीस! मग मामीला शेजारी बसवून तू शांतपणे सांगितलंस की कोर्टात किंवा चौकशीत भाषेवरून वाद झाला, की तो भाषा तपासून सोडवायचा. हा जबाब याच माणसाच्या तोंडचा आहे का, हा कागद त्याला समजला असेल का, अशा गोष्टी. न्यायसाहाय्यक भाषाविज्ञान हे त्याचं मराठी नाव तू आपल्या महाराष्ट्र मंडळात व्याख्यान देताना सांगितलंस, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना तिथल्या तिथे डुलकी लागली. बंगलोरात तेव्हा हे काम करणारं दुसरं कोणी आम्हाला तरी माहीत नव्हतं. बाहेरून पुस्तकं मागवून तू एकटी शिकत होतीस.

मग ती परीक्षा आली. टेलिफोनचे सुटे भाग जोडणारा कारखाना, लाइनवर सगळ्या बायका. परदेशी कंपनीशी करार झाला आणि नवा नियम निघाला: लाइनवरून सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजीचा पेपर पास झाला पाहिजे. रत्नम्मा त्या लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई. पुढची जागा आपलीच, असं ती सगळ्या कारखान्याला ओरडून सांगत आली होती. ती नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. तिच्याबरोबरच्याही झाल्या. युनियनने तक्रार केली, चौकशी नेमली गेली, आणि चौकशी अधिकाऱ्यांनी तुला एकच प्रश्न विचारला: त्या जागेच्या कामाला जितकं इंग्रजी लागतं, त्यापेक्षा ही परीक्षा अवघड आहे का?

साधा प्रश्न, असं मला वाटलं. तू मात्र डबा घेऊन कारखान्यात जायला लागलीस. यंत्रांवरच्या पट्ट्या, कामाच्या चिठ्ठ्या, भिंतीवरच्या सूचना, जिथे जिथे इंग्रजी दिसेल ते उतरवून घेतलंस. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला परीक्षेतला उतारा. वाक्यं किती लांब, शब्द किती ओळखीचे, एकेका प्रश्नासाठी किती गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. पण तू म्हणायचीस की कागदावरची मापं अर्धीच. खरं माप घ्यायचं तर तो पेपर माणसासमोर ठेवायचा, आणि वाचता वाचता काय समजलं ते त्याच्या भाषेत सांगायला लावायचं. मध्ये बोलायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तुला ते छान जमायचं. मला लहानपणापासून तुझ्या चेहऱ्यावर काही वाचता आलेलं नाही.

उताऱ्यात एक गृहस्थ होता. धुक्याच्या सकाळी त्याची बेटावर जाणारी बोट चुकते, धक्क्यावर बसून तो आपल्या आयुष्याचा विचार करतो. खाली प्रश्न: या गृहस्थाला पुढीलपैकी कशाचा पस्तावा होण्याची शक्यता सर्वांत कमी आहे? तू तो मराठीत करून मला विचारलास. मी जोरात उत्तर दिलं आणि ते चुकलं. आईने वाटाणे सोलता सोलता बरोबर उत्तर दिलं. वर म्हणाली, "आम्हाला कुठलं बाई इंग्रजी! मराठीत विचारलंस म्हणून सांगितलं."

कारखाना लाइनवरच्या बायकांना सोडेना, काम थांबतं म्हणून. युनियनने आणलेल्या बायका मुद्दाम चुकतील, अशी तुला भीती. मग तितक्याच शिकलेल्या, मॅट्रिकपर्यंत मातृभाषेत शाळा झालेल्या दुसऱ्या बायका हव्या होत्या. त्या मंडळात होत्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तू पन्ह्याच्या पेल्याबरोबर एकेकीच्या हातात तो पेपर दिलास. काय गोंधळ उडाला होता! "अगंबाई, इंग्रजी?" "आमची नूतन मराठी शाळा गं!" "मला तर एबीसीडीपण धड येत नाही!" असं म्हणत म्हणत सगळ्यांनी तो सोडवला, आणि आंब्याची डाळ संपायच्या आत बहुतेक सगळ्या पास झाल्या. आई पहिली आली. तू अभिप्राय दिलास की मॅट्रिक झालेल्या बाईला ही परीक्षा झेपण्यासारखी आहे, कामापेक्षा अवघड नाही.

मग ती सकाळ आली. मागच्या दारी आई आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे मिसेस कुट्टी. क्वार्टर्सपासूनची ही जोडी. निवृत्तीनंतर कोरमंगलात प्लॉटसुद्धा त्यांनी नवऱ्यांना शेजारीशेजारी घ्यायला लावले होते. सांबारावरून बोलणं चाललं होतं. आई म्हणत होती, "इफ यू हॅड टोल्ड मी बिफोर, नो, आय वुड हॅव गिव्हन कोकम!" तू तांदूळ निवडत होतीस. तुझा हात ताटातच थांबला.

"आई," तू म्हणालीस, "तू इंग्रजी बोलतेस."

"छे गं!" आई म्हणाली. "हे कुठलं इंग्रजी? शेजारणीशी बोलते आहे."

तू ताट खाली ठेवून पायरीवर बसलीस. मला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग तू एकेक करून सांगायला लागलीस. अप्पा नोकरीसाठी इथे आले तेव्हा क्वार्टर्समध्ये आपल्या एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला बंगाली, वर तमिळ. साखर मागायची तर इंग्रजीत, मूल पडलं तर इंग्रजीत, भांडायचं तर इंग्रजीत, कारण सगळ्यांना मिळून दुसरी भाषाच नव्हती. शिवाय आपले अभ्यास घेऊन घेऊन पेपर काढणाऱ्याच्या मनात काय असतं, ते या बायकांना आपल्यापेक्षा आधी कळायचं. मंडळातल्या सगळ्याजणी अशाच, कुणा ना कुणा सरकारी कारखान्याच्या नाहीतर संशोधन संस्थेच्या क्वार्टर्समधल्या. आम्हाला इंग्रजी येत नाही, हे आपल्याकडे "घर लहान आहे, पण या" म्हणावं तसं म्हणायचं असतं. आणि तू, भाषेची डॉक्टर, त्यांच्या शब्दावर विसंबलीस. रत्नम्मा तिच्या गल्लीत कोणाशी कशाला इंग्रजी बोलेल?

त्याच दिवशी तू ठरवलंस की चौकशी अधिकाऱ्यांसमोर जाऊन अभिप्राय मागे घ्यायचा. इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, पुरवणी टिपण पाठव, नमुना वाढवायला हवा असं लिही, आमच्या प्रयोगशाळेतही असंच करतात. उभं राहून चुकलं म्हणायची काय गरज? दिलेलं मत परत घेणाऱ्या तज्ज्ञाला पुन्हा कोणी बोलावत नाही. आणि नवं मतही कोणी मानणार नाही.

"चुकीच्या मापाने मी एका बाईचं पुढचं सगळं आयुष्य मोजलं, नंदू. ते टिपणात कसं घालू?"

मग मी माझा जुना मुद्दा काढला. म्हटलं, परीक्षा अवघड असली तर असू दे. अप्पांनी आपल्याला चहाच्या आधी इंग्रजी पेपरातला मथळा मोठ्याने वाचायला लावला नसता, तर आज तू कुठे असतीस आणि मी कुठे? मागितलं नाही तर माणसं शिकत नाहीत. तू म्हणालीस, "माग की. पण कामाला लागेल ते माग. बोट चुकलेल्या माणसाचा पस्तावा कशाला मागतोस?" मी म्हटलं, ते आजचं काम झालं, उद्या परदेशी यंत्रं येतील, त्यांची जाडजूड पुस्तकं येतील, तेव्हा? यावर तू चष्मा वर केलास आणि दूध आलं का विचारलंस. तेव्हा मी जिंकलो असं धरलं होतं. आज वाटतं, तुझ्याकडे उत्तर असणार आणि मी ऐकायच्या तयारीत नाही हे तुला दिसलं असणार. ते उत्तर मला हवं आहे, अक्का. मी अजून तो प्रश्न सोडलेला नाही.

चौकशीच्या दिवशी मी रजा टाकून आलो आणि मागे बसलो. चिकपेटेतून घेतलेली ती करड्या काठाची साडी तू नेसली होतीस. तू उभी राहिलीस आणि सरळ सांगितलंस की मी चुकीच्या बायकांवर, माझ्या आईसकट, पेपर तपासला. कारखान्याच्या वकिलांना पेढा मिळाल्यासारखं झालं.

"म्हणजे मॅडम, तुमच्या शास्त्राचं उपकरण म्हणजे तुमच्या मातोश्री?"

सगळे हसले. तूसुद्धा हसलीस. "हो. आणि त्या किती हुशार आहेत, हे मी लक्षात घेतलं नाही."

"मग आज जे सांगता आहात, तेही उद्या चूक ठरणार नाही कशावरून?"

मी मागे बसून मनात म्हणत होतो, काहीतरी ठाम बोल, अक्का, ठाम बोल. तू म्हणालीस, "कशावरूनच नाही. म्हणून तर पुन्हा मोजायची परवानगी मागते आहे."

परवानगी मिळाली. पण ते वाक्य लिहून घेतलं गेलं आणि निकालात तेच तुझ्या विरुद्ध आलं आहे.

बाहेर पडल्यावर समोरच्या हॉटेलात आपण एक बाय-टू कॉफी, एकीचे दोन अर्धे पेले, घेतली. त्या वेळी मला तुझा फार अभिमान वाटत होता. भरल्या खोलीत, हसणाऱ्या माणसांसमोर, आपलं चुकलं असं कोणी इतक्या साधेपणाने म्हणताना मी पाहिलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत तर नाहीच नाही. आणि मी काय म्हणालो? "ते शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती?" तू म्हणालीस, "खरं होतं म्हणून." मग आपण रिक्षा शोधायला लागलो.

नंतर माझंच भाकीत खरं होत गेलं. एका बँकेचं काम तुझ्याकडे येणार होतं, ते गुपचूप हैदराबादच्या कोणाकडे गेलं. तू घरात चकार शब्द काढला नाहीस. मला बाहेरून कळलं आणि मीही काढला नाही. तू संध्याकाळी मेथी निवडत बसायचीस, मी पेपर वाचत बसायचो, आणि दोघांनाही दुसऱ्याला काय माहीत आहे ते माहीत होतं.

दुसऱ्या तपासणीसाठी तू मला धरलंस, कारण स्कूटर माझी. सर्जापूर रोडने पुढे, डांबर संपून नाचणीची शेतं लागायची, तिथल्या गावांतून कारखान्याची बस बायकांना न्यायची. कारखान्यातल्या नव्हे, त्यांच्या शेजारच्या, तितक्याच शिकलेल्या बायका तुला हव्या होत्या. त्या जमवायचं काम रत्नम्माने अंगावर घेतलं. तुझ्यावर तिचा भयंकर राग होता. पहिल्या दिवशी तिने तुला बसायलासुद्धा सांगितलं नाही. कन्नडमध्ये म्हणाली ते मराठीत असं होतं: "मेडम, तुमच्या एका कागदाने माझ्या सुनेसमोर माझं नाक कापलं. आता दुसरा कागद करायला आलात. बरं, करा. पण चहा मी देणार नाही." तू म्हणालीस, "चहा नको, सावली दे." मग तिने अंगणात चटई टाकली आणि पदर खोचून बायकांना हाका मारत सुटली. गावभर तिचा आवाज. पुढच्या खेपेला चहाही दिला, आणि साखर स्वल्पच घातली आहे, राग अजून आहे, असंही सांगितलं.

मी दाराशी बसायचो. माझं काम फक्त ने-आण करण्याचं. पण कान कुठे बंद करणार? एक बाई आली, मांडीवर मूल होतं. तिने तो उतारा बोट ठेवून वाचला आणि कन्नडमध्ये सांगायला लागली. धुकं होतं. बोट निघून गेली. हा माणूस तिथेच बसला. घरी कोणीतरी वाट बघत होतं, त्याला आधीच जायला हवं होतं, पण तो कोणत्या तरी जुन्या गोष्टीवरून रुसून राहिला होता. आता त्याला वाटतं, लवकर निघालो असतो तर बरं झालं असतं. "बिचारा," ती म्हणाली. सगळा उतारा तिने सांगितला. मला इतका नीट सांगता आला नसता. मग खालचे प्रश्न आले आणि त्या "शक्यता सर्वांत कमी"पाशी ती अडकली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिने कुठेतरी खूण केली आणि मुलाला घेऊन उठली. एकही उत्तर बरोबर नव्हतं. पुढची आली, तिचंही तसंच. त्यांना इंग्रजी समजत होतं, अक्का. त्यांच्याकडे नव्हतं ते दुसरंच काहीतरी: पेपर काढणाऱ्याच्या मनातलं ओळखणं, जे आपल्या आयांना आपले अभ्यास घेता घेता फुकट मिळालं होतं.

त्या दुपारी दारात बसल्या बसल्या मी आपलं भांडण हरलो. सगळं नाही. उद्याच्या यंत्रांचा प्रश्न मी राखून ठेवला होता. पण ही परीक्षा अन्यायाची आहे आणि तू पुन्हा मोजायला आलीस हे योग्य केलंस, एवढं मला स्वच्छ दिसलं. परत येताना तू मागे बसली होतीस. मी बोलणार होतो. पण डोक्यात हेल्मेट, समोरून लॉऱ्या, आणि तू पाठीवर थोपटून म्हणालीस, "नंदू, नाचणी काय छान उभी राहिली आहे बघ." म्हटलं, जेवताना सांगू. जेवताना आईच्या गुडघ्याचा विषय निघाला. मग तू दुसरा अभिप्राय लिहून दिलास, की ही परीक्षा त्या कामापेक्षा अवघड आहे. म्हटलं, निकाल लागू दे, तुझ्या बाजूने लागला की पेढ्याबरोबर सांगू. आपल्या घराची ही रीतच आहे, चूक दिसली की तोंडावर सांगायची, कौतुक मात्र कुठेतरी छापून येईपर्यंत थांबवून ठेवायचं. अप्पांनी माझं कौतुक केल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळायचं.

मग तुझा ताप. साधा वाटलेला ताप. हॉस्पिटलमध्ये आपण किती बोललो, आणि कशाबद्दल? गॅसचा नंबर लावला का, आईच्या गोळ्या कोणत्या कप्प्यात, तुझ्या कपाटाची किल्ली कुठे. एकदा तू विचारलंस, "निकालाचं काही कळलं?" मी म्हटलं, "लागेल गं. तू आधी बरी हो." तेव्हा ते वाक्य अगदी जिभेवर होतं. पण आजारी माणसाला अचानक तू बरोबर होतीस म्हटलं, तर तुला वाटलं असतं डॉक्टरांनी मला काहीतरी सांगितलंय. मी तुझी भीती टाळली. निदान असं मी स्वतःला सांगतो.

आई आता मागच्या दारी जात नाही. मिसेस कुट्टीच इकडे येतात, तिच्याजवळ खुर्ची ओढून बसतात, आणि दोघी कोणत्याच भाषेत बोलत नाहीत. मधे एकदा आईने मला हाक मारून विचारलं, "माझ्यामुळे तिचं चुकलं का रे? मी मुद्दाम नापास झाले असते." मी म्हटलं, तसं काही नाही. तिला ते पटलं नाही. तू असतीस तर तिला हसवलं असतंस. मला तेही जमत नाही.

आणि एक सांगायचं म्हणजे, मी बिघडलोय. प्रयोगशाळेत भिंतीवरची कोणतीही सूचना दिसली की तिच्यातलं वाक्य किती लांब आहे ते मी बघायला लागतो. मदतनिसांच्या खोलीतली विजेच्या धोक्याची पाटी कोणाला समजते, म्हणून मी एकेकाला त्याच्या भाषेत सांगायला लावली. चेहऱ्यावर काही न दाखवता. एकालाही धड सांगता आली नाही. मी पाटी बदलून घेतली. साहेबांनी विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं, आमच्या घरातली विद्या आहे. हे तू मला दिलंस आणि त्याबद्दल मी तुझे आभार मानलेले नाहीत. आता मानतो.

काल रत्नम्मा आली. निकाल तिलाही कळलाच होता. मला वाटलं, आता अंगणात उभी राहून तुझ्या नावाने खडे फोडणार. ती आत आली, आईच्या पाया पडली, तुझ्या फोटोकडे बघत उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळली. युनियन अपील करणार आहे. वकील म्हणतात की दुसरी तपासणी किती नीट केली, हे सांगायला त्या वेळी तिथे असलेलं कोणीतरी उभं राहायला हवं. गावातल्या बायकांचं कोणी ऐकणार नाही आणि मेडम तर नाहीत.

"तुम्ही दारात होतात," ती म्हणाली.

"पण मी तुमच्या बाजूचा नव्हतो, रत्नम्मा."

"गोत्तु, माहीत आहे. मेडम सांगायच्या, माझा भाऊ माझ्याविरुद्ध आहे, पण स्कूटर वेळेवर आणतो म्हणून." ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत की नाही, तेवढं सांगा."

मी म्हटलं, ऐकलं. तिने मान हलवली. तिचं निवृत्तीचं वय जवळ येतंय, जागा मिळाली तरी थोड्या दिवसांसाठी. मी तसं बोलून दाखवलं, तर ती फणकारली, "थोड्या दिवसांची असली म्हणून काय झालं? माझी आहे ना?" मी येतो म्हणून सांगितलं.

आज सकाळी युनियनच्या वकिलांचा फोन आला. ते म्हणाले, तपासणी कशी झाली एवढ्यावर समोरची बाजू थांबणार नाही. तुम्ही विरुद्ध होतात हे गावभर झालंय, त्यांनाही कळलंच असणार. तुमचंही यावर मत होतं ना, सर, असं विचारतील. परीक्षा असायलाच हवी, असं तुम्ही बहिणीला म्हणत होतात ना? मग तुमच्या मते त्यांचं पहिलं मत बरोबर की दुसरं? एका वाक्यात उत्तर द्या, म्हणाले, आणि अडखळू नका. आणि हो, नोंद इंग्रजीत होते, तेव्हा इंग्रजीतच बोला.

फोन ठेवल्यापासून मी ते वाक्य मनात जुळवतो आहे. सोपं वाक्य आहे, त्यात एकही अवघड शब्द नाही. माझी बहीण बरोबर होती. मराठीत ते तुला एकदा म्हणायचं, तर मला स्कूटरवरून हॉस्पिटलपर्यंत कधी धीर झाला नाही. आता ते मला परक्यांसमोर उभं राहून इंग्रजीत म्हणायचं आहे, आणि ते खरं आहे की नाही हे ठरवायला तिथे सगळे असतील, तू नसशील.